डाव्या डोळ्याचा दाब

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

चार महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, तर तो राग रास्तच आहे. गुडघे, साखर वगैरे यथातथाच. आज लिहायला बसले ते डाव्या डोळ्यासाठी, कारण हे तुझ्याइतके कोणालाच कळणार नाही.

पडद्याला सूज आल्याने इंजेक्शने चालू आहेत, हे तुला ठाऊक आहेच. पहिल्या वेळी सुई निघताच अंधारून आले आणि डॉक्टरांनी समोर बोटे धरून मोजायला लावली. औषध जेमतेम ०.०५ मिली, पण डोळ्याच्या चहूकडून बंद गोळ्यात तेवढ्यानेही दाब क्षणात चढतो आणि बहुधा अर्ध्या-एक तासात उतरतो. तो उतरलाही. पुढे सूज हटेना म्हणून स्टेरॉइडची बारीकशी कांडी आत सोडली आणि आठ आठवड्यांनी पाहिले, तर आधी १६ असलेला दाब ३४! २१ पर्यंत ठीक मानतात. डोळ्यातले पाणी ज्या जाळीतून निचरते, ती काहींच्या बाबतीत स्टेरॉइडने तुंबते म्हणे. ना दुखले, ना लाली आली. उलट वाकडी दिसणारी अक्षरे सरळ झाली होती आणि त्या आनंदात मी तपासणी पुढे ढकलायला निघाले होते. कांडी विरघळेल तसा दाबही बहुतेक उतरेल, पण तोवर डोळ्यामागची दृष्टीची नस दबून जेवढी नजर जाईल, ती परत यायची नाही.

तेव्हा तुझे बाबा आठवले. काचबिंदूचे थेंब घालायला तू त्यांना झोपेतून उठवलेस, मी "एक दिवस चुकला तर काय बिघडते" म्हणाले आणि त्यावरून आपण महिनाभर बोललो नाही. मंदा, माझे चुकले होते. आता सकाळ-संध्याकाळ खालची पापणी ओढून थेंब सोडते आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरते, तू त्यांचा धरायचीस तसाच. दम्यामुळे टिमोलॉल हे दाब उतरवणारे थेंब मला चालत नाहीत. दुसरे थेंब दिले आहेत.

सूज परतली तर पुन्हा कांडी घ्यायची का, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. घेतली तर दाबाची भीती, न घेतली तर वाचन जाण्याची. बाबांना बाजूचे दिसेनासे झाले, ते प्रथम कशावरून लक्षात आले होते? आठवेल तेवढे सगळे लिही.

तुझी बदली रद्द झाली, फार बरे झाले. नातीला गोड पापा. मंगळवारी दाब मोजणार आहेत. आकडा त्याच दिवशी कळवते.

तुझी,
सुधा