सदाफुलीची पानं आणि डायनासोरचा कॅन्सर

संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॅन्सरवर अर्धं पान लेख होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण चौकटीत मोठ्या अक्षरात जे छापलंय की कॅन्सर ही आधुनिक राहणीमानाची देणगी आहे आणि आपल्या पणजोबांना हा रोग माहीतही नव्हता, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी यवतमाळ जिल्ह्यात ३१ वर्षं गुराढोरांचा डॉक्टर होतो. शिंगाचा कॅन्सर झाला म्हणून किती बैलांची शिंगं मुळापासून काढली याचा हिशोब ठेवला नाही. बैल मान एका बाजूला वाकडी धरतो, डोकं झटकतो, खुंट्याला शिंग घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं आणि शेतकरी सांगत येतो की साहेब, शिंग ढिलं झालं. त्या बैलांनी जन्मात कडबा, कुटार आणि सरकीची ढेप सोडून काही खाल्लं नव्हतं. मैदा नाही, फ्रीजमधलं शिळं नाही, टेन्शन म्हणाल तर ते मालकाला.

बैलांचं सोडा. कॅनडात अल्बर्टाला १९८९ मध्ये सेन्ट्रोसॉरस नावाच्या डायनासोरच्या पायाचं हाड सापडलं होतं, तोही शिंगवालाच. आधी वाटलं की मोडून जुळलेलं हाड आहे, २०२० मध्ये डॉक्टरांनी ते स्कॅन करून, कापून तपासलं तर हाडाचा कॅन्सर निघाला, साडेसात कोटी वर्षांहून जुना. तेव्हा पणजोबा म्हणजे नेमके कुठले पणजोबा ते लेखकाने सांगायला हवं होतं.

पण मला नुसतं 'जुना आहे' एवढंच सांगायचं नाहीये. लेखात सगळीकडे कॅन्सर म्हणजे बाहेरून घुसलेला शत्रू असं लिहिलंय आणि तिथेच खरी गफलत आहे.

रिटायर झालो तरी गल्लीतली कुत्री माझ्याच पदरात. मागच्या पावसाळ्यात आमची तांबडी कुत्री बसेल तिथे ओट्यावर रक्ताचे थेंब पाडायला लागली, शेपटी उचलून बघितलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. आम्ही डॉक्टर लोक या संसर्गाने लागणाऱ्या कॅन्सरला टीव्हीटी म्हणतो, रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये सर्रास दिसते, एकमेकांवर चढताना किंवा चाटताना लागते. १८७६ मध्ये नोव्हिन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती, पण पुष्कळ वर्षं सगळ्यांना वाटायचं की एखादा व्हायरस असेल. २००६ मध्ये लंडनच्या लोकांनी गाठीचा डीएनए तपासला तेव्हा कळलं की व्हायरस वगैरे काही नाही, गाठीतल्या पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीतल्या पेशीत ५७ ते ५९ च्या आसपास. म्हणजे तांबडीच्या अंगावरची गाठ तांबडीची नव्हतीच, ती चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी जगलेल्या एका कुत्र्याची होती. तो कुत्रा केव्हाच मातीत गेला पण त्याच्या अंगातली एक पेशी, जी गावावरून ओवाळून टाकलेली निघाली, तिची पिलावळ आज जगभरच्या कुत्र्यांवर जगतेय. आहे की नाही कमाल? एक अख्खा कुत्रा होता, त्यातून परत एकेकट्या पेशींचं परजीवी बिऱ्हाड तयार झालं.

आणि मुळात पेशीचा स्वभाव तोच आहे. पृथ्वीवर जीव आले त्याला साडेतीनशे कोटी वर्षं झाली, प्राणी आले ते साधारण ६० कोटी वर्षांपूर्वी. मधल्या त्या प्रचंड काळात बहुतेक सगळे एकपेशीयच, आणि त्या पेशीला एकच काम, खा आणि दोनाच्या चार हो. मग कधीतरी पेशी एकत्र राहायला लागल्या आणि एकत्र राहायचं तर आपापलं वाढणं आवरावं लागतं. गावगाड्याची उपमा देणार होतो पण नको, त्यात कोणाच्या वाट्याला कायम काय यायचं ते आपल्याला माहीत आहे, त्यापेक्षा आमची दूध सोसायटी बरी. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये जातं. नव्वद सभासद चांगलं दूध घालतात आणि एकजण पाणी घालतो, तर फायदा त्या एकट्याचा आणि फटका सगळ्यांना. मग दुसरा म्हणतो मीच का येडा. म्हणून दुधाचा कस मोजणारं फॅट मशीन लागतं, सचिव लागतो, वेळ पडली तर सभासदाचं नाव काढावं लागतं. शरीरात हे सगळं आहे. पेशीने एकाच्या दोन कधी व्हायचं आणि कधी थांबायचं याचे नियम आहेत, आणि डीएनए बिघडला तर दुरुस्त कर नाहीतर गपचूप मर असा हुकूमही आहे. हे मरणं वाईट नाही हां, गर्भात बोटांच्या मधल्या पेशी मरतात म्हणून आपली बोटं सुटी होतात, बदकाच्या त्या मरत नाहीत म्हणून त्याला वल्ह्यासारखे पाय.

हे सगळं जुळलं कसं याचा थोडा अंदाज तळ्यातल्या हिरव्या पाण्यातही येतो. व्हॉल्व्हॉक्स नावाचं गोल शेवाळ असतं, दोनेक हजार छोट्या पेशी बाहेरून, त्या फक्त शेपट्या हलवून गोळा पोहवत ठेवतात आणि शेवटी मरतात, आत सोळाएक मोठ्या पेशी, पुढची पिढी फक्त त्यांच्यातून. छोट्यांना वाढण्यापासून अडवणारं रेग-ए नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं की छोट्या पेशी पोहायचं सोडून शेपट्या आत घेतात, फुगतात आणि स्वतःच एकाच्या अनेक व्हायला लागतात. डोकं नाही, रक्त नाही, हाड नाही, नुसता हिरवा ठिपका, आणि त्यातही कॅन्सरसारखाच प्रकार. अमेरिकेत मिनेसोटाला रॅटक्लिफ आणि ट्रॅव्हिसानो यांनी तर साध्या यीस्टलाच नळीत एकत्र राहायला लावलं, रोज हलवायचं, जे लवकर तळाशी बसेल तेवढंच पुढे न्यायचं, ६० दिवसांत दहाच्या दहा नळ्यांत पेशींचे गुच्छ. आणि त्या गुच्छांत काही पेशी मुद्दाम मरायलाही लागल्या, म्हणजे गुच्छ तिथे तुटून नवा होतो. २०१२ मध्ये छापून आलं ते.

२०१० मध्ये डोमाझेट-लोशो आणि टाउट्झ यांनी कॅन्सरशी संबंध असलेली आपली जनुकं किती जुनी ते शोधलं, तर त्यांचे दोन गठ्ठे निघाले. एक अगदी पहिल्या पेशींच्या काळचा, डीएनए दुरुस्त ठेवणाऱ्यांचा, आणि दुसरा बरोब्बर प्राणी बनायला लागले त्या काळचा, म्हणजे फॅट मशीन आणि सचिव. सोसायटी स्थापन झाली त्याच सुमाराला चोरी पकडायची व्यवस्थाही आली, यावरून काय ते समजा. काहीजण म्हणतात की कॅन्सर म्हणजे पेशी जुन्या एकपेशीय अवस्थेत मागे जाते, पण मला ते इतकं सरळ वाटत नाही, मागे जाण्यापेक्षा तिथल्या तिथे नवीन निवड चालू असते, जी पेशी जास्त वाढते तिची लेकरं जास्त, डार्विनचं सगळं गणित एका गाठीत.

हत्तीचं उदाहरण यात फार बोलकं आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी, दर सेकंदाला अदमासे ३८ लाख नव्या बनतात, हत्तीत तर कितीतरी जास्त, मग हत्तीला आपल्यापेक्षा जास्त कॅन्सर व्हायला हवा. होत नाही. रिचर्ड पेटो यांनी सत्तरच्या दशकात हे कोडं मांडलं होतं. २०१५ मध्ये त्याचा एक धागा सापडला, पी-५३ नावाचं जे जनुक बिघडलेल्या पेशीला मरायला लावतं त्याच्या हत्तीकडे २० प्रती आहेत, माणसाकडे एकच. हत्तीच्या डेअरीत वीस फॅट मशीन म्हणा.

आता हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय. आमच्या वहिनींना छातीचा कॅन्सर झाला तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची की काय खात होत्या हो, उपास नीट करत नव्हत्या का, मनात काही धरून ठेवलं होतं का. वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, मी नेमकं काय चुकले ते तुम्हीच सांगा. काय सांगणार? रोज एवढ्या पेशी एकाच्या दोन होतात, कुठेतरी एक नक्कल चुकते, आणि निसर्गाला आपण लेकरं मोठी करेपर्यंत टिकलो की पुढची फारशी फिकीर नाही. अर्थात हे वाचून खर्रा घोटणाऱ्यांनी खूश होऊ नये, तंबाखू म्हणजे सचिवाच्या डोळ्यात रोज माती टाकणं आहे आणि तोंडाचा कॅन्सर आमच्याकडे कशाने होतो ते सांगायला डायनासोर लागत नाही.

आणखी एक, शत्रू शत्रू म्हटलं की माणूस म्हणतो जालीम औषध द्या, एकदाच मुळापासून उपटा. जिथे उपटता येतं तिथे उपटावंच. पण २०१७ ला आमच्याकडे गुलाबी बोंडअळीने काय केलं आठवा, बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःतच असलेल्या कापसाच्या बियाण्याच्या पाकिटासोबत, नॉन-बीटीची छोटी पिशवी यायची, त्यावर साध्या अळ्या शिल्लक राहाव्यात म्हणून, ती लोकांनी बांधावर फेकली, मग बीटी खाऊनही न मरणाऱ्या अळ्यांचंच राज्य आलं. फ्लोरिडात रॉबर्ट गेटनबी या डॉक्टरांनी कीड आवरायच्या याच शहाणपणावरून पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर प्रयोग केला, रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा, निम्म्यावर आला की औषध थांबवायचं, परत मूळ आकड्यावर गेला की सुरू, म्हणजे औषधाला दाद देणाऱ्या पेशी शिल्लक राहून न देणाऱ्यांना दाबून धरतात. रोगी थोडे होते पण रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. हे डॉक्टरांनी मोजूनमापून करायचं काम आहे, घरी बसून कोणी गोळी बंद करू नये.

शेवटचं आणि अर्जंट. लेखाच्या शेवटी सदाफुलीची पानं रोज सकाळी चावून खायला सांगितलीत. तांबडीला मी जे व्हिन्क्रिस्टिन नावाचं कॅन्सरचं औषध दिलं ते सदाफुलीतूनच निघतं, खरं आहे, आठवड्याला एक अशा पाच इंजेक्शनांत तिची गाठ साफ गेली. पण एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि ते इतकं तिखट की शिरेबाहेर थेंब सांडला तर तिथलं मांस सडतं, आणि नीट दिलं तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून मी हातमोजे घालूनच भरायचो. पानात ते किती आणि त्यासोबत आणखी काय काय याचा घरी हिशोब लागत नाही. तेवढी दुरुस्ती या रविवारच्या आत छापा ही विनंती, कारण आमच्या समोरच्या काकूंनी सोमवारपासून कुंडीतली पानं तोडायला सुरुवात केलीय आणि मी सांगितलं तर म्हणतात, तुम्ही जनावरांचे डॉक्टर.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य, जि. यवतमाळ