मुंबईला निघालेल्या लेकीस

चि. मनू,

डबा उघडलास की ही चिठ्ठी वरच सापडेल. मिरजेला खिडकीतून डबा देताना बाबा 'गुडघा बरा आहे' म्हणाले असतील, त्यावर विश्वास ठेवू नकोस. दशम्या उद्या संध्याकाळपर्यंत टिकतील. चटणी मैत्रिणींना बेतानं दे, या खेपेला तिखट झालीय.

रविवारी फोनवर झालं ते झालं. मामाची गाडी नको, लोकलनेच फिरायचं, हे मला पटत नाही असं नाही. गाडीत बसून काय मुंबई बघणार, शीवच्या सिग्नलचा धूर? मला एवढंच सांगायचं होतं की दारात उभ्या राहू नका. तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून लिहितेय.

तुम्ही तिघी फिरायला निघालात, कुणाला मस्टर गाठायचं नाहीये. तेव्हा डोंबिवलीहून सकाळी अकराच्या आधी निघूच नका. संध्याकाळी पाचच्या आत परत फिरा, नाहीतर मरीन ड्राइव्हला निवांत बसा आणि नऊनंतर या. सीएसएमटीला गाडी सुटते तिथेच चढलात तर बसायला मिळेल. इंडिकेटरवर गाडी कुठली, फास्ट की स्लो, डबे बारा की पंधरा, सगळं दिसतं. कर्जत-कसारा सोडून द्या, कल्याण पकडा. लांबच्या बायका डोंबिवलीवालीला बघून तोंड फिरवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. सॅक पाठीवर नको, पुढे घ्या. लेडीजमध्ये चढलं की आधी 'कुठे उतरणार?' विचारायचं. लाजायचं नाही, सगळ्या विचारतात. ठाण्याची निघाली तर तिची सीट तुमची.

लग्नाआधी मी फोर्टात नोकरीला होते तेव्हा तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचो. अर्धं अंग हवेत, मांडीवर शेजारणीची पर्स. परतीच्या गाडीत कुणी मटार सोलायचं, कुणी मेथी निवडायचं. दसऱ्याला डब्यात झेंडूच्या माळा लावायचो. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. आत शिरलं की आवाजानं सगळ्यांच्या गप्पा बंद. बाहेर पडून कळवा मागे गेलं की खाडीचा वारा यायचा, काय सांगू तुला! हो, त्या वाऱ्यासाठी मी दाराशी उभी राहायचे. मामानं तुला सांगितलंय, मला माहीत आहे, म्हणूनच तू मला ते ऐकवलंस. पण मी मधला खांब धरून आत उभी राहायचे. आता तुझ्याकडे तो फोन असतो, एक हात कायम त्याच्यात.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. सकाळची वेळ, सगळे आपापल्या कामाला निघालेले. त्यातली काही घरी परत गेलीच नाहीत. ते वळण तुमच्या रोजच्या वाटेवर आहे, मनू.

झालं, परत सुरू केलं मी. चिडू नकोस.

तिकीट खिडकीवर 'टुरिस्ट तिकीट' म्हणून मागा. एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं, मध्य, पश्चिम, हार्बर सगळीकडे चालतं, सारखी रांग लावायला नको. एसी लोकलला मात्र ते चालत नाही, तिचं तिकीट वेगळं आणि महाग. पण तिची दारं आपोआप बंद होतात, तेव्हा पैशाकडे बघू नका, मी देते. आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो झालीय, तिच्या तर फलाटालाही काचेची दारं आहेत म्हणे. गिरगाव, काळबादेवी तिच्यानेच करा. वांद्रे-शीवच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाहीत, तिथे बेस्टची बस किंवा टॅक्सी. बसचा नंबर समोर मराठी आकड्यांत असतो. दादरला फलाट आता एक ते चौदा असे सलग आहेत. आमच्या वेळी मध्यचा एक नंबर वेगळा आणि पश्चिमचा एक नंबर वेगळा, त्या पुलावर किती पाहुणे हरवले असतील! सीएसएमटीला मात्र बाहेर थांबून ती १८८८ ची इमारत नीट बघा. मी रोज तिच्या खालून पळाले, मान वर करायला फुरसत कुणाला होती.

तुझ्या दोन्ही मैत्रिणींच्या आयांचे फोन आले होते. दोघींनी एकच विचारलं, "मनू आहे ना बरोबर? मग काळजी नाही." मी "हो हो, ती सगळं बघते" म्हटलं, आणि फोन ठेवून बाबांना विचारलं, ही दारात तर उभी राहणार नाही ना. ते हसले. त्यांचं काय जातं हसायला, त्यांनी लोकल कधी रोज केलीय?

कल्याणला उतरल्यावर फोन कर. मामा पहाटे येतो म्हणत होता, तू नको म्हणालीस. आता मी काही मध्ये पडत नाही. पण आला तर त्याच्यावर चिडू नकोस.

तुझी,
आई

ता.क. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, त्याप्रमाणे ठरवा. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, पण डोक्यात ते दारच बसलंय.