जुईच्या रोपांविषयी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १९ जानेवारी

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तुझी आई बराच वेळ दारातच उभी होती. मी आत येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेलो, कारण गेले पाच आठवडे सकाळी उठल्याबरोबर तेथेच जाण्याची सवय लागली होती. खिडकीत आता ट्रेच्या ओलीचा चौकोनी डाग तेवढा उरला आहे. निघताना अंगणात आपले जे बोलणे झाले, त्याविषयी या पत्रात काही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे. हे पत्र केवळ रोपांसंबंधी आहे. जुईने मांडीवर धरून नेलेल्या मिरचीच्या त्या १४ रोपांचे पुढे काय करायचे, हे दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते, आणि फोनवर तू घाईत असतोस.

प्रथम जागेचे सांगतो. पुण्यातील रात्री आपल्याकडच्यापेक्षा गार असतात, म्हणून ट्रे रात्री गॅलरीत ठेवू नये. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणलेली. इतकी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ताटात असूनही थंडी तिला अजून सोसत नाही. पूर्वेकडच्या खिडकीत ट्रे ठेव आणि रोज अर्धा फिरव, नाहीतर रोपे उजेडाकडे मान करून लांबुळकी होतील. पाणी सकाळीच द्यावे, तेही वरून नव्हे. परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि नंतर निथळू द्यावा. हे काम जुईचे आहे. ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस. तुला उशीर होत असला तरी दहा मिनिटे थांब.

ट्रे अनुजाच्या खोलीत मात्र नको. सध्याच्या तिच्या अवस्थेत ओल्या मातीतील बुरशीपासून तिने जपावे असे मी वाचले आहे; तू तिच्या डॉक्टरांना विचारून घे. जुई तर गाडीत बसतानाच म्हणत होती की, आईला रोज एकेक रोप हातात देऊन दाखवणार. आई ट्रेला हात का लावत नाही, हे ती विचारणारच. त्या वेळी तू तिला काय सांगणार आहेस, हा प्रश्न मला रविवारपासून सोडत नाही. असो. हा विषय काढायचा नव्हता.

बी कोठले ते तुला ठाऊक आहे. आक्काने दिवाळीत गडहिंग्लजहून आणलेल्या वाळल्या संकेश्वरीतील आठ चांगल्या मिरच्या मी बाजूला ठेवल्या होत्या. मिरचीच्या बियांची उगवणशक्ती दोन-तीन वर्षांत कमी होत जाते, म्हणून कोणीतरी पेरत राहिल्याखेरीज वाण टिकत नाही. तुझ्या आजीनंतर हे आक्काने एकटीने केले. १२ डिसेंबरच्या रात्री जुई आणि मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या मिरच्या फोडल्या. आधी मी तिच्या हातांना खोबरेल तेल चोळले, कारण तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, तेलात मात्र विरघळतो. तिचा समज होता की तिखटपणा बियांत असतो. तो असतो बी ज्याला चिकटलेले असते त्या पांढरट गाभ्यात. बियांना तो केवळ लागतो. डोळ्यांना हात लावायचा नाही एवढे मी एकदाच सांगितले, तर पोरगी हात साबणाने धुऊन होईपर्यंत दोन्ही पंजे हवेत धरून बसली. तिचे नाक खाजत होते, तरी तिने ते आजीकडून पदराने पुसून घेतले. इतक्या लहान मुलीने इतके काटेकोर असावे याचा मला अभिमान वाटला, आणि थोडे वाईटही वाटले.

बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही ओल्या धडप्यात बांधले आणि डब्यात घालून गॅसच्या शेगडीशेजारी ठेवले. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते आणि आपल्याकडे रात्री पारा १५ च्या आसपास उतरत होता. योगायोगाने तुझ्या आईने त्याच दिवशी मिसळीसाठी मटकी बांधून शेजारीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मटकीला लांबसडक मोड आले आणि मिरचीचे बी होते तसेच निपचित होते. जुई दर तासाला पुरचुंडी सोडून पाहत होती. मी तिला सांगितले की मटकीचा दाणा आपली शिदोरी मोठी घेऊन येतो, मिरचीच्या चपट्या बियात ती फारच थोडी असते, म्हणून ते घाई करत नाही. सहाव्या दिवशी पांढरे टोक दिसले, तेव्हा तिने आरडाओरडा न करता माझी बाही ओढली.

उसाच्या रोपवाटिकेतील ९८ खणांचा एक जुना ट्रे माझ्याकडे होता, त्याच्या तीन ओळी कापून २१ खणांचा तुकडा केला. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) थोडे गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून प्रत्येक खणात एकेक मोडाचे बी, नखाएवढ्या खोलीवर. पाच-सहा दिवसांत १९ रोपे वर आली. काहींच्या डोक्यावर बियाचे टरफल टोपीसारखे अडकले होते. ही टोपी ओढायची नसते; पाण्याच्या बोटाने भिजवून वाट पाहायची असते. एका रोपाची टोपी जुईने ओढली आणि दोन्ही दले तिच्या बोटांत आली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबा, मी मोडलं." दुसरे काहीही नाही. तू त्या वयात असे सांगितले असतेस की नाही, याचा मी त्या रात्री विचार करीत होतो, आणि मग जाणवले की तुला तसे सांगता यावे अशी सोयच मी कधी ठेवली नव्हती.

उरलेल्या १८ रोपांवरून ती रोज सकाळी हलका हात फिरवीत असे. तू ते पाहून हसलास, पण त्याला कारण आहे: वाऱ्याप्रमाणे असा स्पर्श होत राहिला की रोपाची काडी बुटकी आणि दणकट होते. ते तिला चालू ठेवू दे.

आता १ जानेवारीचे सांगतो. त्या सकाळी चार रोपे आडवी पडलेली होती. जमिनीलगत काडी पाण्याने भिजलेल्या दोऱ्यासारखी बारीक झाली होती, वरची पाने मात्र हिरवीच. ही मर. ओल फार झाली, हवा कोंडली आणि माती गार राहिली की बुरशी रोपाला बुडाशी धरते. थंडी वाढली म्हणून मी ट्रेवर प्लास्टिकचा कागद दोन दिवस अधिक ठेवला होता. मी जुईला जवळ बसवून सांगितले की ही रोपे आता उभी राहणार नाहीत, कागद मी ठेवला होता, ही चूक माझी. ती रडली. मग आम्ही ते चार खण बाहेर काढून टाकले, कारण मर शेजारच्या रोपात पसरते, आणि उरलेला ट्रे उन्हात ठेवला. दुपारी ती जेवली. मुले एवढे सोसतात, संदीप. त्यांना जे सोसत नाही ते वेगळेच असते.

त्या संध्याकाळी अनुजाचा फोन आला. जुईने तिला बाकी सगळे सांगितले, आणि रोपे किती असे विचारल्यावर म्हणाली, "अठरा." मी शेजारीच होतो. फोन ठेवल्यावर मी काही बोललो नाही, तिनेही माझ्याकडे पाहिले नाही. त्यानंतर प्रत्येक फोनवर ती अठराच सांगत आली. तू तिला सांगितले आहेस की आई ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेली होती. बंगळूरला गेलेल्या आईला चार रोपे गेल्याचे सांगू नये, असे एका सात वर्षांच्या मुलीला का वाटावे, याचा तू विचार कर. अंगणात मला हेच सांगायचे होते, पण तू "आण्णा, तुम्ही यात पडू नका" असे म्हणालास आणि मी गप्प बसलो. ते बोलणे मी मनाला लावून घेतलेले नाही. पाच आठवडे दवाखाना, नोकरी, घरचा स्वयंपाक हे तू एकट्याने केलेस, तुझ्या हातची भाकरी चांगली होते असे अनुजानेच तुझ्या आईला सांगितले. माझ्याकडून तुझ्या वयात यातले काही झाले नसते.

झाले नाहीच. १९९४ सालच्या जानेवारीत तू तिसरीत होतास. त्याआधी मार्गशीर्षात आजी गेली, तेव्हा तुला इचलकरंजीला बेबीआत्याकडे ठेवले होते आणि आजी गडहिंग्लजला विश्रांतीसाठी गेली आहे असे सांगितले होते. परत आल्यावर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून तुला कळले. मग आजीच्या डब्यातील बी तू स्वतः खोक्यात पेरलेस. ते चांगले उगवले. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता, मी तीन-तीन दिवस तोडणीच्या टोळ्यांमागे शिवारात असे. एका सकाळी मी घरी आलो तर तू शाळेत गेला होतास आणि खोक्यातील सगळी रोपे याच मरीने आडवी झाली होती. त्या वर्षी तुला आणखी एक मेलेली वस्तू दाखवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी सायकलवरून बाजारात गेलो, तयार रोपांची एक जुडी आणली, आणि तू शाळेतून येण्यापूर्वी खोक्यात लावून टाकली. "एका दिवसात केवढी वाढली," असे म्हणत तू गल्लीभर सांगत फिरलास.

उन्हाळ्यात त्यांना मिरच्या लागल्या त्या जाड, गुळगुळीत, भज्यांच्या. संकेश्वरीची मिरची लांब, बारीक आणि सुरकुतलेली असते, हे तुला आजीच्या परड्यामुळे ठाऊक होते. तू एक तोडून माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालास, "आण्णा, ही आजीची नव्हे." मी म्हणालो, माती बदलली की असे होते. तू काही बोलला नाहीस. त्यानंतर तू माझ्याकडे कधी बी मागितले नाहीस. मी हे आजवर कबूल केले नव्हते. तुला कधीच कळले असणार, तरी आज लिहून देतो. रोप बदलले तरी फळ धरेपर्यंतच ते लपते.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे की पुण्यात एखादे रोप गेले तर रोपवाटिकेतून दुसरे आणून त्या खणात लावू नकोस. १४ ची १३ होऊ देत. आणि दुसऱ्या डोसनंतर अनुजाचे केस जातील, तेव्हाही. मी पुन्हा उपदेश करू लागलो, त्याबद्दल क्षमा कर. जुईला कोणत्या शब्दांत सांगायचे हे तुम्ही दोघांनीच ठरवायचे आहे. ते मला सुचले असते तर तुझ्या वेळी सुचले असते. माझे म्हणणे इतकेच की फोटोवरून कळण्याच्या आधी सांगावे.

पुढचे थोडक्यात. रोपाला चार-सहा खरी पाने आली, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ती कुंड्यांत हलवावीत. त्याआधी आठवडाभर त्यांना रोज थोडे थोडे ऊन दाखवून सवय करावी. कुंडी बारा इंची, एका कुंडीत एकच रोप. पाने वर वळून चुरडू लागली तर मला फोटो पाठव, मनाने औषध फवारू नकोस, घरात अनुजा आहे. एप्रिलच्या अखेरीस मिरच्या लागतील. गॅलरीत पोपट येत असतील तर कुंड्यांना जाळी लावावी लागेल. पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही हे जुईला ठाऊक आहे, तिला विचार. तोवर अनुजाच्या सगळ्या फेऱ्या संपलेल्या असतील. तशीच आमची देवीजवळ प्रार्थना आहे. पहिल्या लाल मिरचीचे बी जुईने आक्कासाठी ठेवायचे कबूल केले आहे.

अनुजास आशीर्वाद. तिला सांग की तिने कशाचीही काळजी करू नये, आणि जुईस पापा. तुझी आई फेब्रुवारीत येऊन राहायला तयार आहे; तू हो म्हण.

तुझा,
आण्णा

ता. क. जुईच्या दप्तराशेजारच्या पिशवीत आईने कांदा-लसूण चटणीची बरणी ठेवली आहे, ती तुझ्यासाठी आहे. अनुजाचे तोंड आलेले आहे तोवर तिच्या ताटात ती वाढू नकोस. आईच्या भाकरीवर चटणी का नाही, हे जुई पहिल्याच दिवशी विचारील.