वहिनींची आयसीटी टाळू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल ड्युटीवरच वाचला, पण नाईट होती त्यामुळे निवांत लिहिता आलं नाही. वहिनींचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह आहे मग या गरोदरपणात ही आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात परक्या लाल पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, कशाला, असं विचारलंस ना. अरे हा गैरसमज खूप जणांचा असतो. पॉझिटिव्ह म्हणजे लाल पेशीवर डी अँटिजेन, म्हणजे डी नावाची खूण, आहे एवढंच, त्याशिवाय स्मॉल सी, ई, केल, किड असे कितीतरी अँटिजेन असतात आणि ते प्रत्येकाचे वेगळे. पहिल्या डिलिव्हरीनंतर वहिनींना दोन पिशव्या रक्त चढवलं होतं, त्या रक्तातलं एखादं अँटिजेन त्यांच्याकडे नसेल तर शरीराने त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवलेली असू शकते, त्यांना कळणारही नाही, पण ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि बाळाकडे तेच अँटिजेन असेल तर त्याच्या लाल पेशी फोडते. अँटी-केल तर बाळाच्या नव्या पेशीसुद्धा नीट बनू देत नाही. डीविरुद्ध अँटिबॉडी बनूच नये म्हणून १९६८ पासून इंजेक्शन आहे, बाकीच्यांसाठी तसलं काही नाही रे, म्हणून वेळेत सापडणं महत्त्वाचं.

टेस्ट साधीच आहे. वहिनींच्या सीरममध्ये माहितीतल्या ओ ग्रुपच्या पेशी घालून ३७ डिग्रीला ठेवायच्या, मग जेल कार्ड फिरवायचं. पेशी तळाला बटणासारख्या बसल्या की निगेटिव्ह, वरच लाल रेघ अडकली की पॉझिटिव्ह. इतकी वर्षं झाली तरी कार्ड बाहेर काढताना माझी नजर आधी त्या रेघेवर जाते.

मागे एका बाईंना रक्त दिलं, स्क्रीनिंग म्हणजे अशीच अँटिबॉडीची टेस्ट निगेटिव्ह, क्रॉसमॅच म्हणजे पिशवीतलं रक्त त्यांच्या रक्ताशी लावून बघितलेलं, तेही जुळलेलं, आणि आठव्या दिवशी डोळे पिवळे, हिमोग्लोबिन परत खाली. किडची अँटिबॉडी निघाली. ती काही काळाने टेस्टमध्ये दिसेनाशी होते आणि तेच अँटिजेन पुन्हा आलं की उसळते. आधी दुसरीकडे सापडली होती, पण तो कागद त्यांच्या घरी कपाटात. बाई वाचल्या, पण मला ते अजून डाचतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर वहिनींना घाबरवू नकोस. कुठली अँटिबॉडी ते बघतात, टायटर म्हणजे तिचं प्रमाण मोजतात, वाढलं तर डॉपलर सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, अगदीच गरज पडली तर पोटातच बाळाला नाळेतून रक्त देता येतं.

तू आज त्या वेळचे डिस्चार्जचे कागद शोध, रक्त चढवल्याची नोंद डॉक्टरांना दाखव, आणि सॅम्पल दिलं की मला फोन कर, मी जागाच असेन.

तुझाच