मुलुंडपर्यंत

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा पॅनिकचा, म्हणजे अचानक भीतीचा, झटका आला म्हणून भांडुपला गाडीतून उतरून तू फोन केलास आणि मी नेहमीचंच बोलले, 'रिक्षा कर, घरी जा, उद्या ऑफिसला जाऊच नकोस.' रात्रभर तेच मनाला लागून राहिलं. डॉक्टरबाईंनी आपल्या दोघींना समोर बसवून नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं. उतरलं की बरं वाटतं, आणि शरीराची समजूत होते की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर गाठते. आधी तुझी फास्ट लोकल बंद झाली, मग लिफ्ट, मग चुलतबहिणीचं लग्न. खतपाणी मीच घातलं गं.

पहिल्या रात्री तुझी छाती धडधडून हातपाय गार पडले तेव्हा मीही घाबरले होते. ईसीजी, रक्त, थायरॉईड, सगळं नीट आल्यावर हॉस्पिटलातले म्हणाले, 'काही नाही, गॅस असेल.' काही नाही कसं? बोटांच्या मुंग्या खोट्या नव्हत्या. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या त्या मुंग्या. झटका साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपला आपण ओसरतो, तू गाडीत असलीस तरी. (आजी दृष्ट काढते, काढू दे. चार मिरच्या जातात इतकंच.)

खुर्चीत गरगर फिरायचं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, हा डॉक्टरबाईंनी दिलेला सराव मला आधी पोरखेळ वाटला होता. चक्कर, धडधड मुद्दाम आणायची आणि तिने काही होत नाही हे अंगाला पटवायचं, हे आता कळलं. सर्ट्रालीनची, त्या भीती कमी करणाऱ्या रोजच्या गोळीची, मात्र घाई करू नकोस. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, म्हणून तर अर्ध्या गोळीपासून सुरुवात आहे. बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. क्लोनाझेपामची, त्या लगेच शांत करणाऱ्या गोळीची, सवय लागते. ती सांगितल्या दिवसांपुरतीच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, 'गोळ्यांचं बाहेर कळू देऊ नका, लग्नाची पोर.' त्यांच्या बीपीच्या गोळ्या तर टेबलावरच असतात.

सोमवारी ठाणे ते मुलुंड, स्लो गाडी, एकच स्टेशन. धडधडलं तर धडधडू दे, मुलुंड येईपर्यंत उतरायचं नाही. मी मागच्या अंगणात आमसुलं वाळत घालत असेन. फोन घरात ठेवणार आहे.

तुझी,
आई