ओवी पालथी पडली

कासारवडवली, ठाणे
रविवार

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी संध्याकाळी ओवी पालथी पडली. फोनवर सांगितलं तर आईला रडूच फुटलं आणि पुढचं बोलणं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

मी ऑफिसातून येऊन नुकतेच हातपाय धुतले होते. ओवी आईच्या जुन्या पातळांच्या गोधडीवर उताणी होती. खुळखुळा तिच्या डाव्या बाजूला लांब राहिला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, उजवा पाय वर घेतला, कमरेतून वळली आणि कुशीवर येऊन अडकली. गेले दहा दिवस ती इथवरच येऊन परत उताणी पडायची. मेघना हात लावायला पुढे झाली, मी नको म्हटलं. ओवीने एक हुंकार दिला आणि वळली. एक हात पोटाखाली सापडला होता, तो तिने स्वतःच ओढून काढला. मग मान वर करून आमच्याकडे बघितलं. तो चेहरा तुम्ही दोघांनी बघायला हवा होता.

आई, तू महिनाभर दर फोनला विचारत होतीस, "पडली का रे पालथी?" दादाचा विहान पाचव्यात पालथा पडला, सातव्यात बसायलाही लागला होता. ओवीला सातवा लागून बरेच दिवस झाले. तुझ्या मनात काय येत होतं ते मला कळत होतं, कारण रात्री पाळण्याजवळ उभं राहून मीही तेच मोजत होतो. पण आपण मोजायलाच चुकीच्या तारखेपासून सुरुवात करतोय. ओवी 34व्या आठवड्यात जन्मली, म्हणजे बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेच्या सहा आठवडे आधी. मेंदूची, स्नायूंची जी वाढ पोटात व्हायची, ती तिने काचेच्या पेटीत आणि नंतर मेघनाच्या छातीशी पूर्ण केली. म्हणून डॉक्टर तिचं वय त्या दिलेल्या तारखेपासून धरतात. त्याला करेक्टेड एज म्हणतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत तिची प्रगती त्यावरच बघायची.

त्या हिशोबाने ती आज साडेपाच महिन्यांची आहे. आता मागे वळून बघ. ती आपल्याकडे बघून हसली तेव्हा जन्मून तेरा आठवडे झाले होते. केवढा उशीर वाटला होता आपल्याला! सहा वजा केले तर सातवा आठवडा, आणि बाळं दोन महिन्यांच्या आसपासच ओळखीचं हसतात. मान पाचव्या महिन्यात धरली, म्हणजे खरं तर साडेतीन महिन्यांना. प्रत्येक गोष्ट वेळेवर झाली आहे, आई.

लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात आणि त्या सगळ्या झाल्या आहेत. डोळ्यांचा पडदा तपासून झाला, कानांची चाचणीही झाली. दाराची कडी वाजली तरी मान वळवते.

बसण्याची घाई करू नका, विहानशी तुलनाही नको. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं बघून 2006 साली तक्ता काढला. त्यात आधाराशिवाय बसायला कुणी चार महिन्यांच्या आत लागलं, कुणी नऊ महिने ओलांडून. चालायला कुणी आठव्या महिन्यानंतर लागलं, तर कुणी साडेसतरा महिन्यांनी. शंभरातली चारेक मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. लक्ष कशावर ठेवायचं तेही विचारून घेतलंय: एकच हात वापरते का, पाय काठीसारखे ताठ ठेवते का, येत असलेलं काही विसरते का. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. ओवीत काहीच नाही, मी रोज बघतो.

बाबा, तुम्ही वॉकर घेऊन पाठवतो म्हणालात. रागावू नका, पण तो नको. त्यात बसवलं की मूल चवड्यांवर ढकलत पळतं, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय क्षणात जिन्यापाशी किंवा गॅसपाशी पोचतं. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. त्यापेक्षा माळ्यावरचा आपला लाकडी पांगुळगाडा काढून ठेवा. दादा आणि मी दोघंही त्याच्यामागे चाललो. ओवी धरून उभी राहायला लागली की तोच द्यायचा. एक चाक कुरकुरायचं, तेवढं बघा.

उष्टावण सातव्यातच करू, बाबांनी काढलेला मुहूर्त चालेल. ती मान सावरते, आधाराने बसते आणि आमच्या ताटाकडे टक लावून बघते, हे बघून डॉक्टरांनी हो म्हटलं. पहिला घास आईने भरवायचा, असं मेघनाच म्हणाली. कुडाळहून कोकणकन्येने या, ती ठाण्याला थांबते. मी पहाटे स्टेशनवर असेन. पालथं पडल्याचे घावन तेव्हाच कर, आई. इथे आम्ही केले, ते तव्याला चिकटले.

आणि एक मोठी गोधडी आण. आताची पुरत नाही, ओवी वळून वळून फरशीवर जाते.

तुमचा,
सुहास