आयडी ब्लॉक झाला, तर दाद कुठे मागायची?

महोदय,
हडपसरला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका कॅबचालकाचा आयडी, म्हणजे ॲपवर ज्यातून काम मिळते ते खाते, कंपनीने कारण न सांगता ब्लॉक केला. ॲपवर तक्रार केली की तेच ठरावीक उत्तर येते. बोलायला समोर माणूसच नाही, गाडीचा हप्ता मात्र थांबलेला नाही.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अशा ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, असे ती सांगते. हे चांगलेच झाले. पण तिच्या व्याख्येनुसार गिग कामगार म्हणजे मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा. त्यामुळे कामावरून काढताना इतर कामगारांना मिळणारे संरक्षण या चालकांसारख्या गिग कामगारांच्या वाट्याला येत नाही. विमा, पेन्शन ठीक आहे हो, पण कामच काढून घेतले तर पोट कशावर भरायचे?

शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात अशा कामगाराला काढण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची आगाऊ नोटीस बंधनकारक केली आहे. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयानेही २०२३ मध्ये, संगणकीय प्रणालीने खाती बंद केलेल्या उबरचालकांचा खुलासा मागण्याचा हक्क मान्य केला.

महाराष्ट्रातही असा हक्क कायद्यात स्पष्ट शब्दांत हवा. प्रवाशाच्या सुरक्षेची गंभीर तक्रार असेल तर आयडी तात्काळ थांबवावा, त्याला कुणाची हरकत नसेल. मात्र चौकशी ठरलेल्या मुदतीत व्हावी, चालकाचे म्हणणे ऐकले जावे आणि कंपनीविरुद्धचे अपील पुण्यातच, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता यावे.

– एक वाचक, हडपसर, पुणे